नाशिकहून आर्किऑलॉजी शिकायला निघालात? पहिली दोन वर्षं कशी काढायची ते सांगते

दरवर्षी टीवायचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात. कुणी निफाडचं, कुणी सिडकोतलं, कुणी माझ्याच सिन्नरचं, आणि प्रश्न सगळ्यांचे जवळपास तेच, की ताई मला आर्किऑलॉजी करायचंय पण कसं करू, ब्राह्मी लिपी आधीच यायला लागते का, लगेच खोदायला नेतात का, आणि घरचे म्हणतात त्यात मिळणार काय. एकेकाशी तासभर बोलते तरी काहीतरी सांगायचं राहतंच, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी बीए नाशकात इतिहास घेऊन केलं, मग पुरातत्त्वात एमए, आणि आता पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे, म्हणजे फार मोठं नाव नाही माझं, पण पहिल्या दोन वर्षांत काय अडतं ते अजून चांगलं लक्षात आहे.

पायऱ्या सांगायच्या आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभंय. आपल्या विषयात वस्तूपेक्षा वस्तूची जागा मोठी. ती कुठल्या थरात होती, शेजारी काय होतं, वर काय आणि खाली काय. १९७४ साली प्रवरेच्या काठी दायमाबादला एका गावकऱ्याला झाडाचं खोड खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या, बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा, सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोंच्या वर. इतकी सुंदर वस्तू आपल्याकडे क्वचितच सापडलीय. पण ती जमिनीतून निघाली तेव्हा थर नोंदवणारं तिथे कुणी नव्हतं, त्यामुळे ती हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातली की त्याच्या कितीतरी नंतरची, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. त्या माणसाचा यात काहीच दोष नाही, त्याला कोण सांगणार होतं. पण आपल्याला हे माहीत असतं, आणि तरी आपण शेतातलं खापर आधी उचलून मग "कुठलं होतं बरं" असा विचार करत बसलो तर तो मात्र आपला दोष. म्हणून आधी लिहा, मग उचला. दोन वर्षांत एवढं जरी हाताला लागलं तरी खूप झालं.

पायरी १: ॲडमिशन

हे पटकन सांगते. आपल्या भागातली मुलं बहुतेक पुण्याला डेक्कन कॉलेजात जातात, ते आता अभिमत विद्यापीठ आहे, आणि नाशिकच्या दृष्टीने त्याचं महत्त्व वेगळंच, ते पुढे येईलच. त्याशिवाय नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्वाचं जुनं डिपार्टमेंट आहे, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबईलाही शिकायची सोय आहे. बऱ्याच ठिकाणी कुठल्याही शाखेचा ग्रॅज्युएट चालतो, त्यामुळे बीएस्सीवाल्यांनी आपण उपरे आहोत असं अजिबात समजू नका, उलट बॉटनी, झूलॉजी, जिऑलॉजी, केमिस्ट्री केलेली माणसं या विषयाला हवीच आहेत, जळालेले दाणे ओळखायला, हाडं ओळखायला, नदीचा गाळ वाचायला. प्रवेश परीक्षा असेल तर भारताचा प्राचीन इतिहास आणि थोडं सामान्यज्ञान वाचून जा. त्या त्या वर्षीची नोटीस त्यांच्याच वेबसाइटवर बघा, मित्राने फॉरवर्ड केलेल्या फोटोवर विसंबू नका, गेल्या वर्षीची तारीख धरून बसलेली मुलं मी पाहिलीत.

पायरी २: जायच्या आधीचे दोन महिने, आपल्याच जिल्ह्यात

याच्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण हे कुणी सांगत नाही, आणि नाशिकच्या मुलांना जे घराजवळ फुकट मिळतं ते बाकीच्यांना पुस्तकातून वाचावं लागतं.

सुरुवात पांडवलेण्यापासून करा. तुम्ही शाळेच्या सहलीत गेला असाल, पायऱ्या चढून फोटो काढून आला असाल, तसं नाही. वही घेऊन जा, टॉर्च घेऊन जा, आणि एकूण २४ लेण्यांपैकी पहिल्या दिवशी फक्त दोनच बघा, १० नंबर आणि ३ नंबर. १० नंबरचं लेणं क्षत्रप, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांपैकी, राजा नहपानाचा जावई उषवदात याने दिलेलं. तिथल्या लेखात नुसतं दान दिलं असं लिहून सोडलेलं नाही, हिशोब आहे. ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळातली नाणी, कायमच्या ठेवीला दिले, त्यातले २००० गोवर्धनमधल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे म्हणजे संघाकडे महिना शेकडा १ दराने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला म्हणजे पावसाळ्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी. आता गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर रोडने पुढे गेल्यावर लागतं तेच नाव. मी पहिल्यांदा हा हिशोब कागदावर मांडून बघितला, २००० ची रक्कम, महिना शेकडा एक, म्हणजे वर्षाचे २४०, आणि २० गुणिले १२ पण २४०. बरोबर जुळला. त्या दिवशी मी ठरवलं की हेच करायचं.

मग ३ नंबरला या. तिथे व्हरांड्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला. त्यात ती आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन करते, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलंय, आणि त्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला. क्षहरात म्हणजे नहपानाचं घराणं. आता आईने मुलाचं कौतुक केलं तर ते किती धरायचं? इथे तिसरा पुरावा येतो. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगळटेंभीला नाण्यांचा साठा सापडला, नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी, आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप परत मारलेला, नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींची टेकडी आणि उज्जैनी चिन्ह, या सातवाहनांच्या नाण्यांवरच्या खुणा. म्हणजे लेण्यातला दावा नाण्याने पक्का केला. एक लेख हरणाऱ्यांच्या बाजूचा, एक जिंकणाऱ्यांच्या बाजूचा, आणि नाण्याला काही बाजू घ्यायची नव्हती. हे सगळं नेमकं कोणत्या सालात घडलं यावर अजून वाद आहेत, ते वाद वाचायला नंतर भरपूर वेळ मिळेल, पण पुराव्याला पुरावा कसा भिडवायचा हे तुम्हाला त्या एका टेकडीवरच कळतं. आणि हो, दोन्ही लेण्यांचे खांबही शेजारी शेजारी ठेवून काढून बघा, घंटेसारखे घाट, वर प्राण्यांच्या जोड्या, कोणी कोणाचं बघून केलं असेल ते स्वतःच लिहा. चित्र वाईट आलं तरी चालेल, काढताना नजर जिथे थांबते तिथे फोटो काढताना थांबत नाही.

दुसऱ्या आठवड्यात अंजनेरीला जा. तिथे नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, १९८० ला सुरू झालेली, नाण्यांचं संग्रहालय आहे, शांत जागा आहे, आणि वर्कशॉप असलं तर नाव द्याच. सिन्नरला गोंदेश्वराचं मंदिर आहे, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, भूमिज शैलीतलं पंचायतन, म्हणजे मध्ये मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांत चार लहान, यादवकाळातलं. लहानपणापासून तिथे खेळलेय मी पण शिखरावरच्या छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा मोजायच्या असतात हे एमएला गेल्यावर कळलं. सुट्टीत येऊन मोजल्या.

आणि मातीची गढी. जुन्या नाशकात गोदावरीच्या काठावर. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं, त्याच मोसमात संगमनेरजवळ जोर्वेला पण केलं, आणि १९५५ ला दोन्हींचा एकत्र अहवाल आला. गढीत तळाशी ताम्रपाषाण युगातली, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्यांची वस्ती, मग मौर्य-सातवाहन काळ, रोमशी व्यापाराचा काळ, आणि वर मुस्लिम-मराठा काळ. म्हणजे तुम्ही भाजी घेऊन ज्या बोळातून येता त्याच्या खाली तीनेक हजार वर्षांची घरं एकावर एक बसलीत. त्याच्याही आधीचं हवं तर गंगापूरजवळ गोदावरीच्या जुन्या गाळात अश्मयुगातल्या हातकुऱ्हाडी मिळाल्या, त्यावर पण सांकलियांनीच काम केलं. हा १९५५ चा अहवाल लायब्ररीत मिळाला की पूर्ण वाचा. आधी कळणार नाही. सेक्शनची, म्हणजे खड्ड्याच्या उभ्या भिंतीत दिसणाऱ्या थरांची ड्रॉइंग आणि थरांचं वर्णन समोरासमोर ठेवून, बोट ठेवून, एक एक थर वाचा. पहिल्या सेमिस्टरला मुलं ज्या पानांवर अडतात ती तुम्ही आपल्याच गावाच्या नावाने वाचून गेलेले असाल.

पायरी ३: सोबत काय न्यायचं

टाचेला न चावणारे बूट, आधी महिनाभर घालून मोडलेले, नवे नकोत. टोपी किंवा मोठा रुमाल. पूर्ण बाह्यांचे कॉटनचे दोन-तीन शर्ट. जाड पुठ्ठ्याच्या वह्या, पेन्सिली, खोडरबर, ३० सेंमीची पट्टी, ५ मीटरची फीत, आलेख कागद, वॉटरप्रूफ मार्कर. मार्करचं का ते पुढे सांगते. छोटा ओळंबा पुण्या-नाशकात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, सुतळीचा गुंडा पण. ट्रॉवेल डिपार्टमेंट देतं पण स्वतःची असली की हाताला बसते, गवंड्याची छोटी थापी सुरुवातीला चालून जाते. महागडा कॅमेरा लागत नाही, फोन चालतो, फक्त प्रत्येक फोटोत स्केल आणि उत्तर दाखवणारा बाण असला पाहिजे, नाहीतर तो फोटो सहलीचा.

आणि डिसेंबर-जानेवारीत कॅम्पवर तंबूत झोपायचंय, निफाडची थंडी सोसलेल्यांना सांगायला नको, पण मुंबईच्या मैत्रिणींना सांगा की एक जाड गोधडी लागतेच.

पायरी ४: डिपार्टमेंटमधलं पहिलं सेमिस्टर

पहिले दोन महिने गोंधळ होतो, होऊ द्या. एकाच वेळी अश्मयुग, भूशास्त्र, मूर्तिशास्त्र, लिपी, नाणी, म्युझिऑलॉजी असं सगळं अंगावर येतं आणि वर्गात कोणी फिजिक्सवालं असतं, कोणी संस्कृतवालं. अभ्यासाला दोन-तीन जणांचा असा मिश्र गट करा. ज्याला संस्कृत येतं त्याच्याकडून लेखांचा अर्थ समजून घ्या, ज्याला जिऑलॉजी येतं त्याला घेऊन नदीकाठी जा. ब्राह्मी आधी यायला लागत नाही, पण रोज पंधरा मिनिटं दिली तर दोन महिन्यांत अक्षरं ओळखू येतात, आणि मग पांडवलेण्यावर परत जाल तेव्हा लेखाच्या सुरुवातीचा मंगल शब्द "सिध" स्वतःच्या डोळ्यांनी वाचाल. टॉर्च समोरून मारू नका, कडेने तिरका धरा, अक्षर सावलीमुळे उठून येतं.

लायब्ररीत एएसआयची, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची वार्षिक आढाव्याची मालिका असते, १९५३-५४ पासूनची. त्यातली नाशिक, नगर (आताचं अहिल्यानगर), धुळे जिल्ह्यांची पानं शोधून आपल्या तालुक्यातल्या कुठल्या गावांची नोंद आहे त्याची यादी करा. ही यादी मला डेझर्टेशनलाच नाही तर पीएचडीला सुद्धा कामी आली.

लॅबमध्ये जे काम कंटाळवाणं वाटतं तेच मागून घ्या. खापरं धुणं, सुकवणं, त्यांच्यावर नंबर टाकणं. मुलं यातून सुटका शोधतात. पण हातातून दहा हजार खापरं गेल्याशिवाय नजर तयार होत नाही आणि ही दहा हजार कोणी शॉर्टकटने देत नाही. जोर्वे खापर ओळखायला मी अशीच शिकले, लाल रंगाचा लेप, चमक नाही, वर काळ्या रंगात भौमितिक नक्षी, भट्टीत इतकं पक्कं भाजलेलं की नखाने टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. वाडग्याला मध्येच कडा मोडलेली असते, आणि लांब नळीची तोटी असलेली भांडी. साधारण इ.स.पू. १४०० ते ७०० ची ही माणसं, गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड या नद्यांच्या काठांनी राहिलेली. वर्गात स्लाइडवर दहा वेळा बघितलं होतं, टिचकी मारून आवाज ऐकल्यावर मात्र परत कधी विसरले नाही.

पायरी ५: सर्व्हे, म्हणजे गावोगाव पायी फिरणं

हा माझा सगळ्यात आवडता भाग आणि खरं संशोधन इथूनच सुरू होतं.

गावात शिरलं की पहिल्यांदा शेतात जायचं नाही. आधी ग्रामपंचायतीत जा, डिपार्टमेंटचं पत्र दाखवा, पोलीस पाटलांना भेटा, शाळेतल्या गुरुजींना भेटा. मग पारावर बसा. आणि विचारताना "इथे पुरातत्त्वीय स्थळ आहे का" असं विचारू नका, कुणालाच कळत नाही, विचारा "बाबा, गावात पांढर कुठंय?" आपल्याकडे शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी, हे शब्द अजून जिवंत आहेत. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली की चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती यांनी माती पांढुरकी होते आणि टेकाड तयार होतं. जुने लोक धाब्याच्या घरावर टाकायला हीच माती न्यायचे, शेतात खत म्हणून पण न्यायचे, त्यामुळे ज्या म्हाताऱ्याने बैलगाडीतून पांढरी माती वाहिलीय त्याला जागा बरोब्बर माहीत असते. आज्यांना पण विचारा, कुठल्या शेतात निंदताना मणी सापडतात ते त्यांनाच ठाऊक असतं. विहीर खणलेल्या माणसाला विचारा की किती हातांवर राख लागली, किती हातांवर मुरूम लागला. हे सगळं वहीत त्यांच्याच शब्दांत लिहा.

शेतात जाताना मालकाला विचारूनच. उभं पीक असेल तर बांधावरूनच. उसात आणि द्राक्षबागेत तसंही काही दिसत नाही, नांगरट झालेली जमीन हवी, आणि एखादा पाऊस पडून गेला असेल तर सोन्याहून पिवळं, खापरं धुवून वर येतात. जागेचा जीपीएस, टेकाडाची लांबी-रुंदी-उंची, नदी किती लांब, जमीन कोणाची, सध्या काय पेरलंय, टेकाड कापलंय का, कापलं असेल तर कापलेल्या बाजूला थर दिसतात का. एवढं लिहून झाल्यावर मग खापरं बघायची, आणि सगळी उचलायची नाहीत, काठ, तोटी, बूड, नक्षीवाली अशी ओळख पटवणारी थोडीच, मोजून, पिशवीत गावाचं नाव, शेताचं नाव, तारीख. पाटा, वरवंटा, जातं, मूर्ती, वीरगळ हे तर हलवायचंच नाही, जागेवरच फोटो आणि मापं. वीरगळीला गावाने शेंदूर लावलेला असतो, तो देव आहे त्यांचा, चपला काढा, नारळ फोडलेला असेल तर प्रसाद घ्या, आणि शेंदूर खरवडायचा विचार पण करू नका.

प्रत्येक गावात एक प्रश्न येणारच, "सोनं सापडलं का?" यावर चिडू नका आणि हसण्यावारी पण नेऊ नका. मी खापर हातात देते आणि सांगते की हे तुमच्याच गावातल्या माणसाचं ताट होतं, तीन हजार वर्षांपूर्वीचं, तो पण इथलीच जमीन कसत होता, जव-गहू, मसूर खात होता. बहुतेक वेळा पुढचा अर्धा तास तोच माणूस आपल्याला शेत दाखवत फिरतो.

आणि दुःख होतं ते एवढ्यासाठी, की दोन वर्षांपूर्वी बघितलेलं टेकाड परत गेल्यावर सपाट झालेलं असतं. जेसीबी लावून एका दिवसात. शेतकऱ्याला दोष देऊन काय उपयोग, त्याला पाणी सारखं बसायला जमीन सपाट हवी असते, आणि त्याला कुणी येऊन सांगितलेलंच नसतं की यात काय आहे. म्हणून सर्व्हेची नोंद लांबणीवर टाकू नका, त्याच रात्री पक्की करा. काही जागांची आता फक्त तेवढीच नोंद उरलीय.

पायरी ६: उत्खनन

लगेच नेतात का, तर नाही. उत्खननाला एएसआयची परवानगी लागते, ती डायरेक्टरच्या म्हणजे काम चालवणाऱ्या प्राध्यापकांच्या नावाने मिळते, मग पैसे, मग मोसम, पावसाळा संपून जमीन वाळल्यावर. तुमच्या वाट्याला एमएत एखादा-दुसरा मोसम येईल. सोडू नका. घरचं लग्न असलं तरी.

ट्रेंच म्हणजे खोदायचा खड्डा आखतात, सुतळी आणि खुंट्यांनी, बहुतेक चौरस, आणि दोन ट्रेंचच्या मध्ये न खोदलेली पट्टी सोडतात तिला बल्क म्हणतात. बल्कच्या कडेवर उभं राहायचं नाही, तिथे बसून चहा प्यायचा नाही, कारण कडा ढासळली की भिंतीत दिसणारा सगळा सेक्शन गेला. कुदळ चालवणारे गावातले लोक असतात आणि त्यांच्यातले काही तुमच्याआधी पाच-सहा मोसम केलेले असतात. त्यांचं ऐका. माती बदलली हे डोळ्याआधी त्यांच्या कुदळीला कळतं, आवाज बदलतो. "ताई, हितं पोकळ लागतंय" असं कुणी म्हणालं की काम थांबवा, खुरपी आणि ब्रश घ्या. सगळे तुम्हाला सुपरवायझर म्हणतात म्हणून आपण मोठे होत नाही.

थर बदलला की आधी मातीचा रंग, ओली असताना आणि सुकल्यावर, पोत, काय काय मिसळलंय, खोली, हे लिहायचं. नवा थर, नवी पिशवी, नवं लेबल. कोळसा सापडला तर त्याला हात लावायचा नाही, स्वच्छ ट्रॉवेलने उचलून ॲल्युमिनियम फॉइलमध्ये, कारण त्यावरूनच कार्बन डेटिंग होणार आणि आपल्या हाताचा घाम पण त्यात जायला नको. राखेची आणि खड्ड्यांची माती फेकायची नाही, पाण्यात कालवून तरंगणारे जळके दाणे गोळा करतात, त्यातूनच कळतं की ते लोक काय पेरत होते.

आता मार्करचं. माझ्या पहिल्या मोसमात मी साध्या पेनने लेबलं लिहिली. एके रात्री अवकाळी पाऊस आला, शेडमधल्या खालच्या रांगेतल्या पिशव्या भिजल्या आणि सकाळी एका पूर्ण थराच्या खापरांची लेबलं निळे डाग झाली होती. दोन दिवसांचं आमच्या ट्रेंचचं काम, बारा जणांची मेहनत, आणि ती खापरं कुठली ते कुणालाच सांगता येईना. मॅडम काहीच बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त त्या पिशव्या वेगळ्या ठेवल्या आणि रजिस्टरमध्ये "स्थान अज्ञात" असं लिहिलं. मला ते दोन शब्द अजून दिसतात. तेव्हापासून प्रत्येक पिशवीत दोन लेबलं, एक आत प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये, एक बाहेर बांधलेलं, दोन्ही वॉटरप्रूफ मार्करने, आणि दिवस संपायच्या आत तीच यादी वहीत.

माणसाचा सांगाडा निघाला तर सगळ्यांचे आवाज आपोआप खाली येतात. इनामगाव आणि नेवाशाला जोर्वे काळातली लहान मुलांची दफनं मिळालीत, दोन कुंभ आडवे ठेवून तोंडाला तोंड लावलेले, त्यात बाळ, आणि ते राहत्या घराच्या जमिनीखाली पुरलेलं. घरापासून लांब नेलंच नाही त्यांनी. असं काही तुमच्या ट्रेंचमध्ये आलं तर सेल्फी नाही, स्टेटस नाही, गावातले लोक बघायला येतील त्यांना शांतपणे समजावून सांगा, आणि एक एक हाड साफ करताना ड्रॉइंग आधी.

संध्याकाळी पाच वाजता काम संपत नाही. पॉटरी यार्डात दिवसभराची खापरं पसरायची, मोजायची, मग जेवण, मग कंदिलासारख्या एका बल्बखाली डायरी. झोप येते तरी डायरी त्याच दिवशी, उद्या लिहिलेली डायरी ही आठवण असते, नोंद नसते.

पायरी ७: विषय, गाइड आणि डेझर्टेशन

विषय छोटा घ्या. "महाराष्ट्रातील सातवाहनकालीन व्यापार" असला विषय घेऊन येणारी मुलं चौथ्या सेमिस्टरला रडकुंडीला येतात. एक तालुका, एक नदी, एका संग्रहालयातली एकाच प्रकारची भांडी, एका मंदिराची मापं. नाशिकच्या मुलांनी दारणा, कादवा, गिरणा यांच्या काठची दहा-पंधरा गावं घेतली तरी भरपूर काम निघतं.

गाइडकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, दोन पानं लिहून न्या, नकाशा न्या, "सर काय करू" यापेक्षा "सर, या सात गावांची नोंद आहे, या चारांची नाही, मी बघून येऊ का" असं विचारलं की बोलणं पुढे सरकतं. दुसऱ्यांच्या उत्खननातली सामग्री वापरायची असेल तर आधी लेखी परवानगी, आणि थँक्यू म्हणताना मजुरांची नावं पण लिहा. त्यांनी शोधलेलं असतं ते.

कायद्याचं थोडं

संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीशिवाय काही करता येत नाही. १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू ही १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, विकायला परवाना लागतो आणि देशाबाहेर तर नेताच येत नाही. मेटल डिटेक्टर घेऊन गढ्यांवर फिरणाऱ्या ग्रुपमध्ये चुकूनही सामील होऊ नका, मित्र असले तरी. आणि गावात कुणाला नाण्यांचा हंडा वगैरे मिळाला तर तहसील कार्यालयात कळवायला सांगा, त्यासाठी १८७८ पासून कायदा आहे. कळवणाऱ्याला त्रास होईल अशी भीती लोकांना असते, म्हणून सोबत आपण जा.

पायरी ८: पैसे आणि घरचे

खोटं सांगणार नाही, जागा कमी आहेत. नेट-जेआरएफला, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधन शिष्यवृत्तीच्या परीक्षेला, पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे, एमएच्या पहिल्या वर्षापासून तयारी धरा, जेआरएफ मिळाली तर पीएचडीची काळजी मिटते. पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, नियमाने सहापर्यंत. ग्रेटर नोएडाला एएसआयच्या संस्थेत दोन वर्षांचा पीजी डिप्लोमा आहे, स्टायपेंडसह, जागा मोजक्याच पण फिल्डचं शिक्षण पक्कं. एएसआयच्या अधिकारी पदांच्या जाहिराती यूपीएससीकडून येतात, त्यावर लक्ष ठेवा. म्युझियम, कॉन्झर्वेशन, हेरिटेज सर्व्हेची प्रोजेक्टवरची कामं पण मिळतात, महिने मोजून असतात ती, पण हात चालू राहतो. माझ्याबरोबरची दोघं शाळेत शिकवतात आणि सुट्टीत सर्व्हे करतात, आणि त्यांचं काम कुणापेक्षा कमी नाही.

घरच्यांना फोनवर समजावून काही होत नाही. माझे वडील दोन वर्षं "बँकेची परीक्षा दे" म्हणत होते. दिवाळीत मी त्यांना पांडवलेण्यावर घेऊन गेले, सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत, आणि १९ नंबरच्या लेण्यापाशी नेलं. ते तिथल्या सगळ्यात जुन्यांपैकी. खिडकीवर एक छोटा लेख आहे, सातवाहन कुळातला कन्ह राजा असताना नासिकच्या श्रमण महामात्राने, म्हणजे भिक्षूंची व्यवस्था बघणाऱ्या अधिकाऱ्याने, हे लेणं करवलं असा, दोन हजार वर्षांहून जुना. मी टॉर्च तिरका धरला आणि एक एक अक्षर बोटाने दाखवत वाचलं, ना, सि, क. ते पायऱ्या उतरेपर्यंत काही बोलले नाहीत. खाली आल्यावर चहाच्या टपरीवर बसून त्यांनी माझी वही मागितली आणि म्हणाले, ते आपल्या गावाचं नाव त्या लिपीत इथे लिहून दे.